एका ऋकाराची चूक

रविवार, मार्गशीर्ष संपत आलेला. सकाळी साडेदहा. जागा: आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरची बैठकीची खोली, नवा रायपूर.

हजर: बँकेतून निवृत्त झालेले भाऊ, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले इंजिनियर. कॉलेजात शिकवणारी तरुण प्राध्यापिका. जुन्या शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या काकू. आणि मी, संयोजक.

गैरहजर: बाई. थकवा असल्यामुळे.

विषय: गुरुवारी बाईंना दवाखान्यात न्यायला कोणी का आलं नाही.

हे मी माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. वहीत पुढे जे लिहिलंय ते मात्र खरं नाही. त्या सकाळी मी सहासष्ट वर्षांच्या काकूंना पटवून दिलं की त्यांची आठवण आता दगा देऊ लागली आहे. त्यांची आठवण शाबूत होती. चूक माझ्या वाचण्यात होती. ती चूक मला नंतर कळली आणि कळूनही मी गप्प राहिले. आता सगळं क्रमाने सांगते.

बाई म्हणजे निवृत्त मास्तरीण. शाळेत सगळे बाई म्हणायचे, ते आमच्या वसाहतीतही चालू राहिलं. पलीकडच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहतात. लेक परदेशात. बाईंच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या वेळी ती येऊन महिनाभर राहिली, मग तिला परत जावं लागलं. त्यानंतर डॉक्टरांनी बाईंना पाच आठवडे रेडिएशन सांगितलं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज अकराला, एकही दिवस न चुकवता. दवाखाना जुन्या शहरात. नवा रायपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सहा पदरी रस्ते आहेत आणि बस केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. आजारी माणसाने एकट्याने जायचा तो रस्ता नव्हे.

मी मंत्रालयात अधीक्षक आहे. कागद मला आवडतात. कोणाला कधी काय करायचं आहे हे एका तक्त्यात मांडलं की माझा जीव शांत होतो. घरी किराण्याची यादी चार रकान्यांत असते आणि मुलीच्या लग्नात माझी यादी बघून केटरर म्हणाला होता, "मैडम, आप तो हमारा धंधा कर लो." तेव्हा बाईंचं कळल्यावर मी दोन दिवसांत माणसं जमवली आणि तक्ता केला. सोमवारी भाऊ. मंगळवारी प्राध्यापिका, तिचा त्या दिवशी तास नसे. शुक्रवारी इंजिनियर, त्यांची साप्ताहिक सुट्टी. उरले बुधवार आणि गुरुवार. ते दोन्ही मी काकूंना दिले, कारण काकू घरीच असतात.

माझं नाव तक्त्यात कुठल्याही वारासमोर नव्हतं. खाली होतं, 'संपर्क' म्हणून. मला गाडी चालवता येत नाही, हे कारण मी तेव्हा सगळ्यांना दिलं. भाड्याची गाडी करून बाईंबरोबर जाता येतं, हे मला माहीत होतं.

काकूंना गाडी येत होती. काकांच्या डोळ्यांचं झाल्यापासून त्यांची जुनी मारुती काकूच चालवत. चाळीसच्या वर कधी नाही. तात्यापाऱ्यातून निघायचं, नव्या रायपूरला यायचं, बाईंना घेऊन परत शहरात दवाखान्यात जायचं, पुन्हा बाईंना इकडे सोडायचं आणि मग घरी. म्हणजे एका दिवसात चार फेऱ्या, आठवड्यात दोनदा. त्यांचं घर दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "अगं, मी काय म्हणते, बाईंना आमच्याकडेच राहू दे ना महिनाभर. वरची खोली खालीच पडली आहे."

मी म्हटलं, "काकू, मग बाकीच्यांच्या पाळ्यांचं काय करू? तक्ता झालाय. सगळ्यांना पाठवलाय."

"हव," काकू म्हणाल्या.

हे 'हव' म्हणजे छत्तीसगढीतलं हो. काकूंचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते आणि कामवालीशी त्या सरळ छत्तीसगढीत बोलतात. माझे वडील रेल्वेत, वर्ध्याकडून बदली होऊन आले, मी इथल्याच रेल्वे कॉलनीत जन्मले. म्हणजे आम्ही काकूंच्या मानाने कालचे. तरी मंडळात आम्हा वैदर्भीय लोकांना वाटायचं की मराठी आपली आणि या जुन्या लोकांनी ती घालवली. काकू 'गुरुवार' म्हणत नाहीत, 'बिरस्पत' म्हणतात, यावर मी प्राध्यापिकेजवळ एकदा हसलेही होते. ती बिचारी मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. तिला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नसावं.

काकूंचं 'हव' मी नेहमी होकार धरत आले. आता वाटतं, बऱ्याच वेळा त्याचा अर्थ एवढाच असे की तू बोलतेस ते ऐकू आलं.

माझा एक नियम होता. बदल हवा असेल तर लेखी द्या, तोंडी निरोप चालणार नाहीत. ग्रुपवर संदेश टाका, नाही तर चिठ्ठी द्या. काकूंचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे त्यांना चिठ्ठी.

शेकाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी बाईंनी मला घडी घातलेला कागद दिला. कॅलेंडरच्या पानामागचा चौकोनी तुकडा. "काकूंनी दिलाय तुमच्यासाठी," म्हणाल्या. मी जिन्यातच उघडून वाचला. 'येत्या बु. ला मला जमणार नाही. दुसरी सोय करावी.' मी कागद फाईलला लावला, घरी पोचायच्या आत इंजिनियरना फोन केला आणि त्यांच्या गळ्यात बुधवार घातला.

ते कुरकुरले. "ताई, बुधवारी माही पहिली शिफ्ट आहे. पाच दिवस आधी सांगून राहिल्या तुम्ही. फोरमनले काय सांगू?"

"पाच दिवस खूप झाले," मी म्हटलं. "अदलाबदल करा कोणाशी तरी."

त्यांनी केली. मग मी काकूंना फोन केला. त्या फोनमध्ये मी नेमकं काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतर ते मी शंभर वेळा स्वतःला ऐकवलं आहे. "काकू, चिठ्ठी मिळाली. सोय केली आहे. दुसरं कोणीतरी जाईल, तुम्ही काळजी करू नका."

"हव," काकू म्हणाल्या. "बरं झालं बाई."

वाराचं नाव मी घेतलं नाही. दहा सेकंदांचं काम होतं.

बुधवारी सकाळी काकू नेहमीसारख्या आल्या. बाईंच्या ब्लॉकखाली इंजिनियर आधीच गाडी लावून उभे. त्यांनी काकूंना सांगितलं, "आज माही पाळी आहे, ताईनं लावली." काकूंनी तिथूनच मला फोन केला. मी सचिवांच्या बैठकीबाहेर फाईल घेऊन उभी होते.

"अगं, ते भैया आलेत. मग माझं आज काय?"

"काकू, मी बैठकीत आहे. तक्त्यात सगळं लिहिलंय, तक्त्याप्रमाणे चालू द्या ना." आणि फोन ठेवला.

तक्त्याचं चित्र मी ग्रुपवर टाकलं होतं. काकूंच्या फोनवर ते दिसत नाही हे मला ठाऊक होतं. काकू तेवढा रस्ता रिकाम्या गाडीने परत गेल्या. त्यांनी मनाशी हिशेब लावला असणार, की ताईने माझे या आठवड्यातले दोन्ही दिवस दुसऱ्यांना दिले. चिठ्ठी पाठवणाऱ्या माणसाने दुसरं काय समजावं?

गुरुवार हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मी त्या दिवशी रजा काढली होती. माझं उद्यापन असतं, सात सवाष्णी येतात, त्यांची यादीही माझ्याकडे असते. कलश मांडून झाला, त्याला साडी नेसवून झाली, पाच फळं झाली. दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. बाई होत्या.

"आज कोणी येणार नाहीये का?" त्यांनी विचारलं. "माझी काही हरकत नाही. फक्त जेवून घेऊ का, तेवढं सांगा."

त्या साडेनऊपासून खाली वॉचमनच्या बाकावर बसल्या होत्या, शाल आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन. मी विचारलं, आधी फोन का नाही केला? त्या म्हणाल्या, "कोणाला उशीर होतो कधी. लगेच फोन केला म्हणजे तगादा वाटतो." त्यांचा बाक माझ्या दारापासून दोन इमारतींवर होता. पानं आणि फुलं आणायला मी सकाळी मागच्या फाटकाने गेले होते. पुढच्याने गेले असते तर दिसल्या असत्या.

दवाखान्यात विचारलं. यंत्राची दुपारी तपासणी होती. तो दिवस बुडाला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस शेवटी वाढवू, घाबरायचं कारण नाही. मी मात्र घाबरले होते, आणि घाबरले की मी दोषी शोधते. संध्याकाळी सवाष्णींना कुंकू लावताना माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: गुरुवार काकूंचा होता.

आता ती रविवारची बैठक.

मी तक्त्याच्या पाच प्रती काढून नेल्या होत्या. प्रत्येकापुढे एक ठेवली. गुरुवारचा चौकोन मी लाल पेनाने भरला होता. एवढं करायची गरज नव्हती. पाच माणसं होती, सगळ्यांना माहीत होतं कशाबद्दल बोलायचंय.

भाऊ म्हणाले, "हे बघा, कोणाला दोष द्यायला बसलो नाही आपण. फक्त पुढं असं होऊ नये."

"बरोबर," मी म्हटलं. "म्हणून क्रमाने घेऊ. गुरुवार कोणाचा?"

सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं. कागदावर काकूंचं नाव होतं.

काकू म्हणाल्या, "पण मी तर चिठ्ठी दिली होती न."

"दिली होती. चिठ्ठीप्रमाणेच केलं, काकू. तुम्ही बुधवार मागितला, बुधवार दिला."

"बुधवार?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मी बुधवार लिहिलं?"

"हो."

"नाही गं. बुधवारी तर मी आली होती."

इंजिनियर म्हणाले, "तेच तर म्हणून राहिलो न मी, काकू. बुधवारी सुट्टी मागितली अन् बुधवारी आल्या. अन् ज्या दिवशी यायचं होतं त्या दिवशी आल्याच नाही. मी शिफ्ट बदलून आलो होतो." त्यांच्या आवाजात राग होता. तो राग खरं तर माझ्यावर यायला हवा होता.

"काकू, तुमची चिठ्ठी माझ्या फाईलमध्ये आहे," मी म्हटलं. "वर घरी आहे. आणू का?"

हे मी अशा सुरात विचारलं की कोणी आण म्हणणार नाही. त्यांनी आण म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. प्राध्यापिकेचे डोळे चांगले आहेत, तिने तिथेच ओळखलं असतं.

काकूंनी पुढ्यातली प्रत बाजूला सारली. मग म्हणाल्या, "नको. तू म्हणतेस तर असंल. लिहिलं असंल मी." आणि मग अगदी हळू, स्वतःशी, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. वार राहायचे नाहीत तिला."

त्यावर कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. प्राध्यापिका म्हणाली, "अरे नहीं काकी, होता है, मैं भी भूल जाती हूँ." ते एकच बरं वाक्य त्या बैठकीत बोललं गेलं. मी घड्याळ पाहिलं. पुढचा मुद्दा घ्यायचा होता. आणि वातावरण हलकं करावं म्हणून, मला वाटलं ते हलकं होईल म्हणून, मी म्हटलं, "यापुढे काकूंचं हव दोनदा विचारून घ्यायचं. एकदा हव म्हणजे हो नाही."

इंजिनियर हसले. भाऊही हसले. काकूही हसल्या, आणि म्हणाल्या, "हव." त्यावर सगळे पुन्हा हसले.

वहीत मी लिहिलं: 'गुरुवारची पाळी विसरल्याचे काकूंनी मान्य केले.'

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. "रस्त्यात कुठं जायचं तेच विसरली तर? बाई मागं बसलेल्या. नको." आणि म्हणाल्या, माझं नाव तक्त्यातून काढ. मी काढलं. तसं करताना मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता दोन दिवस मोकळे झाले तर त्यांत पक्की माणसं भरता येतील.

माणसं मिळाली नाहीत. बुधवारी मी भाड्याच्या गाडीने बाईंबरोबर गेले. गुरुवारी बाईंनीच मला सांगितलं की उरलेले दिवस त्या काकूंकडे जाऊन राहणार आहेत. काकूंनी बोलावलं होतं. वरची खोली, रिक्षा, दहा मिनिटं. माझ्या तक्त्यापायी चार माणसं चार आठवडे धावत होती, आणि उरलेलं सगळं एका रिक्षावाल्याने केलं. काकू रोज त्यांच्याबरोबर बसून जायच्या. मी ग्रुपवर लिहिलं, 'बाईंची पर्यायी व्यवस्था झाली आहे. सर्वांचे आभार.'

शेक संपल्यावरही काकूंनी बाईंना ठेवून घेतलं; त्या परत आल्या त्या फेब्रुवारीत. बारीक झाल्या होत्या, पण चेहरा बरा होता. मी त्यांना भेटायला गेले, डबा घेऊन. बोलता बोलता काकूंचा विषय निघाला. मी काहीशा मोठ्या मनाने म्हटलं, "जाऊ द्या, वय झालंय त्यांचं. गुरुवारी विसरल्या, तरी नंतर किती केलं तुमचं."

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरीकडे बघावं तसं नाही. न समजल्यासारखं.

"विसरल्या? अहो, त्यांनी तर मला आठवडाभर आधी सांगितलं होतं. अगहनचा शेवटचा बिरस्पत आहे, घरी पूजा आहे, येणार नाही, ताई दुसरं कोणी पाठवेल. मी गुरुवारी दुसऱ्या कोणाची वाट बघत बसले होते. काकूंची नाही."

मी विचारलं, "मग बैठकीनंतर तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत?"

"बैठकीत काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही. मला कोणी विचारलं नाही."

खरं होतं. ज्या माणसासाठी तक्ता होता त्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. काकूंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं तेव्हा त्यासुद्धा तो विषय काढत नव्हत्या. त्यांना त्याची लाज वाटत होती.

घरी येऊन मी फाईल काढली. चिठ्ठी सापडायला काही वेळ लागला नाही, माझ्याकडे काहीच हरवत नाही. शाईच्या पेनाने लिहिलेली, अक्षर जुन्या वळणाचं. मी खिडकीशी उजेडात धरली. 'येत्या बृ. ला मला जमणार नाही.' ब च्या खाली जो होता तो उकार नव्हता. उकाराचं शेपूट डावीकडे उघडं असतं, ऋकाराचं उजवीकडे. हे उजवीकडे होतं. स्पष्ट होतं. बृ. म्हणजे बृहस्पतिवार. आमच्या ऑफिसात निम्मे लोक रजेच्या अर्जात बृहस्पतिवार लिहितात, मी रोज ते वाचते, त्यावर सही करते. पण मराठी बाईने मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीत मी तो शब्द शोधलाच नाही. माझ्या मते मराठी माणूस गुरुवार म्हणतो. म्हणून ब दिसला की तो बुधवारच.

आणि मी तरी कशी विसरले? मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी कोणती सवाष्ण दिवसभर गाडी घेऊन बाहेर राहील? मीच रजा काढली होती. काकूंच्या घरी पंचांग मराठीच; त्यांचा अगहनचा बिरस्पत आणि माझा मार्गशीर्षातला गुरुवार एकच. त्याही तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढतात, मीही काढते.

मी ठरवलं, लगेच जायचं. लगेच म्हणजे मार्च उजाडला.

गोल बाजारात मला स्टीलचे डबे घ्यायचे होते. डबे घेतले आणि तिथून तात्यापाऱ्यात गेले. चिठ्ठी पर्समध्ये होती. काकूंनी दार उघडलं, त्यांना आनंद झाला. अंगणात मारुती होती, तिच्यावर जुनी चादर, चादरीवर धूळ. आत भिंतीवर मोठं कॅलेंडर, आणि त्यातल्या गेलेल्या प्रत्येक तारखेवर पेनाने काट. काकूंनी चहा ठेवला आणि भांडी घासणाऱ्या बाईला वार विचारला, "आज का दिन ए ओ?"

"सनिच्चर, काकी."

"सनिच्चर," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू बरोबर आलेलं उत्तर मला दाखवत होत्या. "मला ठाऊक होतं. पण विचारून घेते."

काका खुर्चीत होते. ते म्हणाले, "दिवसातून दहा वेळा विचारते. मी म्हणतो, अगं मला दिसत नाही अन् तुला आठवत नाही, झकास जोडी जमली." त्यांनी ते हसत म्हटलं. काकूही हसल्या.

मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. चहा झाला. बाईंच्या तब्येतीचं झालं. माझ्या मुलीचं झालं. मी वाक्य तयार करून आणलं होतं, घरून लिहूनच आणलं होतं: काकू, तुमची चिठ्ठी बरोबर होती, मी चुकीची वाचली. मी पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बरं झालं तू त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलंस. घरचे कोणी सांगत नाहीत, त्यांना वाईट वाटतं. तू सांगितलं म्हणून मी सावध झाली. नाही तर गाडी चालवत राहिली असती, कोणाला धक्का दिला असता."

मी चेन लावली.

काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या माझे आभार मानत होत्या. त्या आभारांतून आत शिरून ते वाक्य म्हणायचं, म्हणजे त्यांनी तीन महिने जे भोगलं ते उगाचच होतं हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. त्या वेळी मी मनाला असं समजावलं. आता लिहिताना दिसतं की तीही सबबच होती. मला फक्त काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं. मी डबे उचलले. त्यांनी एका डब्यात अनरसे घालून दिले.

मंडळात ते वाक्य अजून चालतं. कोणी काम अंगावर घेतलं की इंजिनियर विचारतात, "पक्कं न? का काकूवालं हव?" नवीन आलेल्या माणसांना तर काकू कोण तेही माहीत नाही, तरी ते हसतात. गेल्या बैठकीत प्राध्यापिकेनेही म्हटलं, "दीदी, काकी वाला हव नहीं, सच्ची वाला हव." मी मान खाली घालून लिहीत होते. माझंच वाक्य होतं. ते थांबवायला मला एका मिनिटाहून जास्त लागलं नसतं.

परवा बाई जिन्यात भेटल्या. मी त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं होतं की चूक माझी होती आणि मी स्वतः काकूंना सांगणार आहे, तुम्ही सांगू नका. त्यांनी तो शब्द पाळला. परवा त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही. फक्त म्हणाल्या, "काकूंच्या लायसन्सची मुदत या महिन्याअखेर संपते आहे. काका म्हणत होते फॉर्म भरू, त्या नको म्हणाल्या. गाडी पण विकायची म्हणतात. एक माणूस बघून गेला."

लायसन्सचं नूतनीकरण मुदतीनंतरही करता येतं, ते मला माहीत आहे. पण काकू करणार नाहीत. गाडी गेली की लायसन्स कशाला, आणि विसरणाऱ्या माणसाला गाडी कशाला, असं त्यांचं सरळ उत्तर आहे, आणि ते उत्तर त्यांना मी दिलेलं आहे.

काल ऑफिसातून निघाले तेव्हा उजेड होता. शहराकडची बस समोर उभी होती. रोज नसते. मी चढले नाही. घरी येऊन भाऊंना फोन लावला, सांगायला की पुढच्या बैठकीत मला काही बोलायचंय. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, वार्षिक सभेच्या खुर्च्यांबद्दल.

महिना संपायला नऊ दिवस आहेत. काकूंकडे जायचं राहिलं आहे.